बिली हॉलिडेचे गाणे अर्ध्यावर तोडू नये

माननीय संपादक,

सविनय नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बिली हॉलिडे या जॅझगायिकेवरील माहितीपट आणि तिच्या गाण्याची दुर्मीळ चित्रीकरणे यांविषयीचा लेख वाचला. तिच्या मृत्यूला सहा दशके उलटून गेल्यावरही एका मराठी वृत्तपत्राने तिच्यासाठी अर्धे पान राखून ठेवावे याचा मला मनापासून आनंद झाला, आणि लेखकाने हा विषय प्रेमाने हाताळला आहे हेही ओळीओळीतून जाणवले. तरीसुद्धा लेखातील दोन तपशील दुरुस्त व्हायला हवेत, आणि लेखाच्या शेवटी माहितीपटांविषयी जे मत मांडले आहे, की जुन्या चित्रीकरणांत रंग भरल्याने बिली 'आपल्या काळातली' वाटते, त्याच्याशी मी सहमत नाही. ते का, हे जरा सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी. माहितीपटांच्या संकलनाचे काम मी अनेक वर्षे केले आहे, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे. (ज्या कलावंताचे गाणे आयुष्यभर ऐकले त्याच्याविषयी मराठीत एकेरीच तोंडी येते. पुढे बिलीचा आणि तिच्या साथीदारांचा उल्लेख तसाच होईल. त्यात अनादर नाही.)

लेखासोबतच्या छायाचित्रात उंच स्टुलावर बसलेली, केस मागे एकत्र बांधलेली बिली आणि तिच्याभोवतीचे वादक दिसतात, आणि त्याखाली 'अखेरची मैफल' अशी ओळ आहे. ते दृश्य अखेरचे नाही आणि रूढ अर्थाने मैफलीचेही नाही. सीबीएस या अमेरिकी दूरचित्रवाणी कंपनीने ८ डिसेंबर १९५७ रोजी, रविवारी, न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित केलेल्या 'द साउंड ऑफ जॅझ' या तासाभराच्या कार्यक्रमातले ते आहे. त्यानंतर बिली दीड वर्षाहून अधिक काळ जगली आणि गात राहिली. १९५८च्या फेब्रुवारीत तिने रे एलिस यांच्या वाद्यवृंदाबरोबर 'लेडी इन सॅटिन' ही तबकडी ध्वनिमुद्रित केली, त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील माँटेरीच्या पहिल्या जॅझ महोत्सवात ती गायली, १९५९च्या फेब्रुवारीत लंडनला जाऊन तिने ग्रॅनाडा या ब्रिटिश दूरचित्रवाणी कंपनीसाठी तीन गाणी गायली, आणि २५ मे १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधील फीनिक्स थिएटरात ती शेवटची रंगमंचावर आली. १७ जुलै १९५९ रोजी, वयाच्या ४४व्या वर्षी, ती गेली. दीड वर्षाचे हे काम एका चुकीच्या ओळीने पुसले जाते, म्हणून एवढे तपशील दिले.

दुसरी चूक बारीक वाटेल, पण माझ्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. कार्यक्रमाचे चित्रीकरण पाहायला मिळाले नाही तरी त्याची तबकडी मिळते, ती ऐकली म्हणजे झाले, असे लेखात सुचवले आहे. कोलंबिया कंपनीने याच नावाने काढलेली तबकडी त्या प्रक्षेपणाची नाही. ती ४ डिसेंबरला, म्हणजे चार दिवस आधी, स्टुडिओत मुद्रित झाली. गाणे तेच आहे आणि बहुतेक वादकही तेच आहेत, पण जॅझमध्ये तेच गाणे चार दिवसांनी तेच राहत नाही. रविवारी जे घडले ते त्या तबकडीवर नाही; ते फक्त चित्रीकरणात आहे.

रविवारी काय घडले ते सांगतो. गाण्याचे नाव 'फाइन अँड मेलो'. हे बिलीचे स्वतःचे ब्लूज, म्हणजे आफ्रिकी-अमेरिकी लोकसंगीतातून आलेल्या प्रकारातले गाणे, असून २० एप्रिल १९३९ रोजी कमोडोर या छोट्या कंपनीसाठी तिने ते पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केले होते. या ब्लूजचा साचा अगदी साधा असतो: बारा बारचे एक आवर्तन, प्रत्येक बारमध्ये चार ठोके, म्हणजे ४८ ठोक्यांत एक फेरी पुरी होते. गायिका एक फेरी गाते, मग वादक आपापली फेरी घेतात, पुन्हा गायिका येते. त्या दिवशी तिच्याभोवती जी माणसे होती त्यांची नुसती नावे वाचली तरी जॅझच्या इतिहासाची अर्धी अनुक्रमणिका होईल: टेनर सॅक्सोफोनवर बेन वेबस्टर, लेस्टर यंग आणि कोलमन हॉकिन्स, बॅरिटोन सॅक्सोफोनवर जेरी मलिगन, ट्रॉम्बोनवर व्हिक डिकन्सन, ट्रम्पेटवर रॉय एल्ड्रिज आणि डॉक चीथम, पियानोवर मॅल वॉल्ड्रन. नेपथ्य असे काही नाही. मोकळा स्टुडिओ आहे आणि त्यातले कॅमेरेही लपवलेले नाहीत. या कार्यक्रमाचे सल्लागार नॅट हेन्टॉफ आणि व्हिटनी बॅलिएट हे दोघेही जॅझवर लिहिणारे होते, आणि वादकांनी रोजच्या कपड्यांत यावे, कोणी कोणासाठी सजू नये, ही त्यांची कल्पना निर्माते रॉबर्ट हेरिज यांनी उचलून धरली होती.

बिली पहिली फेरी गाते. वेबस्टर आपली फेरी वाजवतो. मग लेस्टर यंग उठतो. त्याची प्रकृती त्या दिवशी इतकी खालावली होती की बसूनच वाजवले तरी चालेल असे त्याला सांगितले होते, ही आठवण हेन्टॉफ यांनी सांगून ठेवली आहे. तो उठतो आणि एकच फेरी वाजवतो, जेमतेम पाऊण मिनिट. सूर मोजके आहेत आणि सुरांमधल्या जागा सुरांइतक्याच बोलक्या आहेत. कुठे घाई नाही, कुठे चमक दाखवण्याचा सोस नाही. कॅमेरा बिलीकडे वळतो. ती त्याच्याकडे पाहते आहे. भुवया किंचित वर गेल्या आहेत, ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे, मान अगदी थोडी हलते आहे, आणि तो पुढे कुठे जाणार आहे हे आधीच ठाऊक असल्यासारखी ती होकार देते. १९३७च्या जानेवारीपासून या दोघांनी एकत्र ध्वनिमुद्रणे केली होती. 'लेडी डे' हे तिचे नाव त्याने ठेवलेले आणि 'प्रेझ' हे त्याचे नाव तिने. पुढे त्यांच्यात दुरावा आला होता. १५ मार्च १९५९ रोजी तो गेला आणि चार महिन्यांनी ती गेली. नियंत्रण कक्षात बसलेल्यांच्या डोळ्यांत त्या पाऊण मिनिटात पाणी आले होते, असे हेन्टॉफ लिहितात, आणि ते चित्रीकरण ज्याने पाहिले आहे त्याला यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

हे पाऊण मिनिट आता फार प्रसिद्ध झाले आहे. बिलीवरील माहितीपटांत ते हटकून येते, आणि माझी तक्रार नेमकी तिथूनच सुरू होते. ते येते तेव्हा एकटेच येते. आधीची वेबस्टरची फेरी नसते आणि नंतरचे तिचे गाणे नसते. यंगचा शेवटचा सूर विरायच्या आत एखाद्या अभ्यासकाचा चेहरा पडद्यावर येतो आणि आपण आत्ता काय पाहिले ते तो आपल्याला समजावू लागतो. मूळ गाणे आठ मिनिटांच्या घरात जाते. ते सलग पाहिले तर लक्षात येते की बिली फक्त लेस्टर यंगचेच असे ऐकत नाही. डिकन्सनचे, मलिगनचे, हॉकिन्सचे, ट्रम्पेट वरच्या पट्टीत नेणाऱ्या एल्ड्रिजचे, सगळ्यांचे ती ऐकते, आणि प्रत्येकाचे वेगळे ऐकते. कुणाला ती खांद्याने दाद देते, कुणाला डोळ्यांनी. बाकीच्यांना तिने कसे ऐकले हे पाहिल्यावरच कळते की यंगच्या वेळी त्या चेहऱ्यावर जे होते ते निराळे होते. फक्त तेवढाच तुकडा दाखवला तर ती एका करुण प्रेमकथेची नायिका होते. सगळे दाखवले तर ती गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या घोळक्यातली, कान सतत जागा ठेवणारी, कामात गढलेली गायिका दिसते. मला दुसरी बिली अधिक खरी वाटते.

गाणे तोडण्याचे याहून मोठे नुकसान तिच्या गायकीचे आहे. बिलीच्या आवाजाचा पल्ला लहान होता, सव्वा सप्तकाच्या आसपास. वरच्या पट्टीतल्या झेपा, वेगवान ताना, शब्दांवाचूनचे सूर यांपैकी कशाच्याही बळावर ती उभी नव्हती. तिचे सगळे बळ वेळेच्या हिशेबात होते. ठोका पुढे जातो आणि तिचा शब्द मागून येतो. ऐकणाऱ्याला वाटते की आता ही मागे पडली, आता निसटले; ती मात्र एखाद्या स्वरावर जराशी रेंगाळते, पुढचे तीन शब्द एकमेकांना चिकटवून सोडते, आणि फेरी संपायच्या आत सगळी उधारी चुकती करून मोकळी होते. ही उधारी आणि ही फेड बारा बारच्या एका पूर्ण आवर्तनात घडते. सहाव्या बारवर गाणे तोडून त्यावर निवेदन चढवले की प्रेक्षकाला फक्त रेंगाळणे दिसते, परत येणे दिसत नाही. आणि मग निवेदकाने 'तिच्या आवाजातला थकवा' असे म्हटले की तेही पटते. जो थकवा म्हणून दाखवला जातो तो कितीदा तरी तिचा सर्वांत अवघड हिशेब असतो.

हे मी बाहेरून बोलत नाही. एका गायिकेवरील माहितीपटाच्या संकलनात मला सांगण्यात आले होते की एकही गाणे तीस सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, लोक थांबत नाहीत. मी तसे केले. गायिका श्वास घेते त्या जागी कट मारला, म्हणजे खटकू नये, आणि तो कट खरोखरच कुणाला खटकला नाही. पण तो श्वास ज्या ओळीसाठी घेतला होता ती ओळ त्या माहितीपटात कधीच आली नाही. ती फ्रेम मला आजही डोळ्यांसमोर दिसते: तोंड अर्धवट उघडलेले, खांदे वर आलेले, आणि त्यापुढे काळी पट्टी. पुढे बिलीवरचे एकेक माहितीपट पाहताना असे अपुरे श्वास मी कितीदा पाहिले, त्याची गणती नाही.

हे चित्रीकरण आपल्यापर्यंत कसे पोचले हेही आपल्या वाचकांना सांगण्यासारखे आहे, कारण लेखात त्याचा फक्त 'खराब प्रत' एवढाच उल्लेख आहे. त्या काळी थेट प्रक्षेपण हवेत जायचे आणि संपायचे. ॲम्पेक्स कंपनीचे व्हिडिओ टेपचे यंत्र १९५६ साली नुकतेच आले होते, टेप महाग होती आणि एकदा वापरलेली टेप पुसून पुन्हा वापरली जात असे. टिकवण्याची जुनी रीत म्हणजे काइनेस्कोप: दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावायचा आणि पडद्यावर दिसणारे चित्र फिल्मवर उतरवून घ्यायचे. अमेरिकेत दूरचित्रवाणीची चित्रे सेकंदाला ३० येतात आणि फिल्म सेकंदाला २४ चालते, त्यामुळे मधली जुळवाजुळव करावी लागे. कडा मऊ होत, पांढरे भाग फुटत, हालचालीला किंचित धूसरपणा येई. म्हणजे आपण जे पाहतो ते चित्राचे चित्र आहे. ही रीत नसती तर त्या रविवारचे काहीच उरले नसते. मला तर त्या धूसरपणाबद्दल कृतज्ञता वाटते.

आणि म्हणूनच लेखात ज्याची स्तुती केली आहे त्या रंगीतीकरणाशी मी सहमत होऊ शकत नाही. जेम्स अर्स्किन यांनी २०१९ साली 'बिली' हा माहितीपट केला, त्यात जुनी कृष्णधवल चित्रीकरणे आणि छायाचित्रे रंगवून दाखवली आहेत. रंग भरणाऱ्या मरिना अमराल या आपल्या कामात निष्णात आहेत आणि त्या अभ्यास करून रंग भरतात, याविषयी मला शंका नाही. लेखक म्हणतात की रंगांमुळे बिली 'आपल्या काळातली' वाटते. पण ती आपल्या काळातली नाही. ती कृष्णधवल स्टुडिओत, कृष्णधवल चित्रासाठी केलेल्या प्रकाशात गायली. तिच्या गालावरची सावली, मागचा अंधार, सॅक्सोफोनच्या पितळेवरची पांढरी रेघ हे सारे दिग्दर्शक जॅक स्माइट आणि त्यांच्या कॅमेरामननी करड्या छटांचा विचार करून टिपले होते. त्यावर रंग चढवला की नजर कपड्याच्या रंगाकडे जाते, आणि तो रंग तर आजच्या माणसाने ठरवलेला असतो.

रंगाइतकीच दुसरी एक गोष्ट सर्रास होते आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. जुनी चौकट चारास तीन या प्रमाणाची असते आणि आजचा पडदा सोळास नऊ. बाजूला काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून चित्र मोठे करून वरून-खालून कापतात, आणि त्यात चित्राचा बरोबर चौथा हिस्सा जातो. बिलीसारख्या गायिकेच्या बाबतीत हा चौथा हिस्सा फार महागात पडतो. ती हातवारे करणारी गायिका नव्हती. कोपरात दुमडलेला हात, मंद चुटकी वाजवणारी बोटे, किंचित मागे झुकलेले डोके, एवढीच तिची हालचाल. डोके वर कापले जाते आणि बोटे खाली. आपल्या पुरवणीतले छायाचित्रही असेच कापलेले आणि रंगवलेले आहे, हे नम्रपणे निदर्शनास आणतो.

दुर्मीळ चित्रीकरण म्हणून जे दाखवले जाते त्यात काय खरे घडले आणि काय रचले गेले, हेही सांगितले जायला हवे. बिली पडद्यावर पहिल्यांदा ठळकपणे दिसते ती वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या १९३५च्या 'सिंफनी इन ब्लॅक' या लघुपटात: प्रियकराने ढकलून दिलेली, रस्त्यावर पडलेली, आणि तिथूनच एक छोटे ब्लूज गाणारी मुलगी. तेव्हा ती विशीत होती. १९४७च्या 'न्यू ऑर्लिन्स' या चित्रपटात ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग तिच्यासोबत आहे, पण तिला भूमिका दिली ती मोलकरणीची, आणि याची खंत तिने पुढे बोलूनही दाखवली. १९५०मध्ये युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीने पियानोवादक काउंट बेसीच्या छोट्या वाद्यमेळासह एक लघुपट काढला, त्यात ती दोन गाणी गाते. या तिसऱ्या चित्रीकरणाची एक गोष्ट मी कधी विसरू शकत नाही. त्यात क्लॅरिनेट ऐकू येते ती बडी डिफ्रँकोची, आणि पडद्यावर क्लॅरिनेट हातात घेऊन उभा आहे मार्शल रॉयल. डिफ्रँको गोरा होता, आणि काळ्या वादकांच्या मेळात एक गोरा वादक पडद्यावर दाखवणे तेव्हा चालणार नव्हते. आवाज एकाचा, चेहरा दुसऱ्याचा. माहितीपटात हा तुकडा नुसता 'बिली, १९५०' म्हणून येतो आणि जातो, आणि त्या एका फ्रेममध्ये अमेरिकेविषयी जे साठवलेले आहे ते न सांगताच राहते. आधी गाणे मुद्रित करून मग कॅमेऱ्यासमोर ओठ हलवायचे ही तेव्हाच्या चित्रपटांची नेहमीची रीत होती. म्हणून १९४७ची बिली आणि १९५७ची बिली यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पहिली स्वतःच्याच गाण्याचा अभिनय करते आहे, दुसरी त्या क्षणी गाते आहे.

माहितीपटांनी काही दिले नाही असे माझे म्हणणे अजिबात नाही. अर्स्किन यांच्या माहितीपटाचा कणा म्हणजे लिंडा लिपनॅक क्यूल यांनी १९७०च्या दशकात घेतलेल्या मुलाखतींच्या ध्वनिफिती. सुमारे २०० तासांचा तो ऐवज आहे. क्यूल यांना बिलीचे चरित्र लिहायचे होते, ते पुरे होण्याआधीच १९७८ साली त्यांचा मृत्यू झाला. काउंट बेसी, ढोलवादक जो जोन्स, बासवादक चार्ल्स मिंगस यांच्यापासून तिच्या मागावर असलेल्या अमली पदार्थविरोधी खात्याच्या माणसांपर्यंत अनेकांचे आवाज त्या फितींवर आहेत, आणि ते आपल्याला ऐकवल्याबद्दल त्या माहितीपटाचे ऋण मानलेच पाहिजे. बेसीचा वाद्यवृंद तिने का सोडला, याविषयी त्यातल्या माणसांची एकमेकांशी झालेली जुंपणी ऐकण्यासारखी आहे. प्रश्न एवढाच आहे की हे आवाज तिच्या गाण्यावर चढवायचे की गाणे संपल्यावर ऐकवायचे.

तिच्या आयुष्यात दुःख होते आणि ते लपवावे असे कोणी म्हणणार नाही. पण दुःख सांगण्यातही निवड असते. ती गेली तेव्हा बँकेत ७० सेंट होते आणि अंगाशी बांधलेले ७५० डॉलर होते, हे दोन आकडे सांगितल्यावाचून तिच्यावरचा माहितीपट सहसा संपत नाही. रुग्णालयात, मरणशय्येवर तिला अटक झाली आणि खोलीच्या दाराशी पोलिस बसवले गेले, हेही येतेच, आणि यायलाच हवे. त्याऐवजी ज्या एका शिक्षेने तिच्या गाण्याचीच कोंडी केली ती मात्र दोन वाक्यांत उरकली जाते. न्यूयॉर्कमध्ये ज्या ठिकाणी मद्य विकले जाते तिथे गाण्यासाठी पोलिसांकडून एक परवाना घ्यावा लागे. अमली पदार्थ बाळगल्याबद्दल १९४७ साली झालेल्या तुरुंगवासाच्या शिक्षेनंतर हा परवाना तिला नाकारला गेला. तुरुंगातून सुटल्यावर पंधरा दिवसांच्या आत, २७ मार्च १९४८ रोजी, कार्नेगी हॉल तिच्यासाठी खचाखच भरला. पण ज्या लहान क्लबांत, हातभर अंतरावर बसलेल्या माणसांसमोर तिचे गाणे घडले होते, ते तिच्याच शहरातले दरवाजे पुढची सगळी वर्षे तिला बंद राहिले. गायिकेचा हक्काचा मंच काढून घेणे म्हणजे काय, हे तिची सलग आठ मिनिटे पाहिलेल्या प्रेक्षकालाच उमगेल. तीस सेकंदांत ते उमगत नाही.

आता लंडनच्या चित्रीकरणाविषयी, कारण लेखात त्याचा उल्लेखच नाही. १९५९च्या फेब्रुवारीत, 'चेल्सी ॲट नाइन' या ग्रॅनाडाच्या कार्यक्रमात, बिलीने 'स्ट्रेंज फ्रूट' गायले. झुंडीने झाडाला लटकावलेल्या काळ्या माणसांविषयीचे हे गाणे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातले शाळाशिक्षक एबल मीरोपोल यांनी लिहिले. १९३९ साली न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटी या क्लबात बिली ते गाऊ लागली तेव्हा तिथला नियम असा होता की गाण्याच्या वेळी वाढपी थांबतील, सगळे दिवे विझतील, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक छोटा झोत राहील, आणि गाणे संपल्यावर ती पुन्हा मंचावर येणार नाही. कोलंबियाने ते मुद्रित करायला नकार दिला, म्हणून ते कमोडोरकडे गेले. वीस वर्षे हे गाणे ती गात राहिली आणि लंडनला त्या दिवशी ते कॅमेऱ्यासमोर गायले. पियानोवर मॅल वॉल्ड्रन आहे. तिचा चेहरा उतरलेला आहे, आवाजाला चिरा पडल्या आहेत, पण शब्द एकही सैल सुटत नाही. प्रत्येक व्यंजन ती दातांत धरून मग सोडते. शेवटचा शब्द ती वर उचलते आणि तसाच, आधाराशिवाय, ताणून धरते. त्यानंतर चेहऱ्यावर काहीच राहत नाही. या गाण्यावर निवेदन चढवलेले मी पाहिले आहे. निवेदक त्या वेळी जे सांगत होता ते सगळे खरे होते, आणि तरीही त्याने त्या क्षणी गप्प राहायला हवे होते.

माझी विनंती आपल्याला आहे ती अशी. पुरवणीत अशा माहितीपटांचे परीक्षण छापताना कोणते गाणे पुरे दाखवले आहे आणि कोणते तोडले आहे, चित्रीकरण कोणत्या साली, कुठे झाले, गाणे तिथल्या तिथे गायले की आधी मुद्रित केले होते, रंग मूळचे की नंतर भरलेले, एवढे तरी परीक्षकाने लिहावे. कथा कशी आहे, संगीत कसे आहे हे जसे आपण आवर्जून लिहितो तसेच हेही. आणि माहितीपट करणाऱ्यांपैकी कोणी हे पत्र वाचत असतील तर त्यांना एवढेच सांगेन की दीड तासात आठ मिनिटे मागणे जास्त नाही. ज्या गायिकेची चालती-बोलती चित्रे इतकी थोडी उरली आहेत, तिचे निदान एक गाणे पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, कोणी मध्ये न बोलता, ठेवा.

येत्या अंकात 'अखेरची मैफल' या ओळीची आणि तबकडीविषयीच्या मजकुराची दुरुस्ती छापावी. जागा असेल तर तेच छायाचित्र पुन्हा द्यावे, पण या वेळी मूळ कृष्णधवल आणि पूर्ण चौकटीचे. आणि त्याखाली ८ डिसेंबर १९५७, न्यूयॉर्क, एवढे लिहावे.

कळावे,
आपला,
पुरवणीचा एक जुना वाचक